गोल विणकाम मशीनवर छोट्या भेटवस्तू: भरताचं वांगं, बाळंतविडा आणि थंडीची टोपी

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. हे मशीन फक्त नळी विणतं. हँडल फिरवा, नळी लांब होत जाते, बस्स. व्हिडिओत दोन मिनिटांत टोपी, ससा, मोजे सगळं तयार होताना दिसतं, पण ती टोपी मशीन करत नाही, नळीचं तोंड कसं उघडलं, कसं बंद केलं, मधे कुठे आवळलं, आत काय भरलं यावर ती टोपी होते का वांगं होतं ते ठरतं. म्हणून या लेखात हँडल फिरवण्याबद्दल कमी आणि सुरुवात-शेवट याबद्दल जास्त लिहिलंय, कारण नवीन माणसाचं काम तिथेच अडतं.

गोल विणायची आयडिया काही नवीन नाही. विणकामाचं पहिलं यंत्र इंग्लंडच्या विल्यम ली याने 1589 मध्ये केलं, ते सपाट विणायचं. गोल विणणाऱ्या यंत्राचं पेटंट 1816 मध्ये मार्क ब्रुनेल याने घेतलं. आपण घालतो त्या साध्या बनियनला बऱ्याचदा बाजूला शिवण नसते, का तर त्याचं कापड असंच गोल विणलेलं असतं, फक्त कारखान्यातलं मशीन खूप मोठं आणि सुया खूप बारीक. आपल्या घरच्या मशीनला प्लास्टिकच्या जाड सुया आणि हाताने फिरवायचं हँडल. लाईट लागत नाही, हे आपल्या जळगावकडे किती कामाचं आहे ते वेगळं सांगायला नको!

मशीन कोणतं घ्यायचं

मशीनची ओळख सुयांच्या संख्येवरून. सेंट्रो कंपनीची 22, 40 आणि 48 सुयांची मशीनं मिळतात, जर्मनीच्या ॲडी कंपनीची 22 आणि 46 ची. दिसायला सगळी सारखीच, पण 22 सुयांवर टोपी करायला गेलात तर ती बाहुलीला बसेल, बाळाला नाही. आणि 48 वर मोजे करायला गेलात तर त्यात दोन्ही पाय एकत्र जातील.

माझं मत विचाराल तर भेटवस्तूंसाठी पहिलं मशीन 22 चंच घ्या. लोकर कमी लागते, फेरी पटकन होते, चुकलं तर उसवायला जीवावर येत नाही. टोप्यांच्या ऑर्डरी यायला लागल्या की मग मोठं घ्या. सगळ्यांना उलटं वाटतं, मोठं घेतलं की सगळं होईल, आणि मग ते माळ्यावर जातं.

बरोबर काय लागेल: एक क्रोशाची सुई (सुटलेला टाका उचलायला, हिच्याशिवाय बसूच नका), मोठ्या नेढ्याची प्लास्टिकची किंवा बोथट सुई, कात्री, मोजपट्टी, आणि उशीत भरतात ते फायबर. कापूस आपल्याकडे पोत्याने आहे हे खरं, पण धुतल्यावर त्याचे गोळे होतात, त्यामुळे खेळण्यात फायबर आणि नुसत्या शोभेच्या वस्तूत कापूस असं करा. सरकी तेवढी नीट काढा.

लोकर

नवीन लोक इथेच फसतात. खूप जाड लोकर घेतली की सुई अडकते, हँडल जड होतं, जोर लावला की सुई तुटते. खूप बारीक घेतली की जाळी दिसते. केसाळ, मोहेरसारखी लोकर तर पहिल्या महिन्यात बघूसुद्धा नका, सुटलेला टाका तिच्यात सापडतच नाही. मध्यम जाडीची, गुळगुळीत, नीट पीळ असलेली ॲक्रेलिक घ्या, दुकानात डबल निटिंग म्हणून मागा आणि हातात घेऊन बघा, कारण लेबल एक आणि जाडी दुसरीच असं होतं. बारीक असेल तर दोन धागे एकत्र घेतले तरी चालतं. रंग सुरुवातीला फिकाच घ्या, काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, संध्याकाळी तर अजिबातच नाही.

गुंडा मशीनला लावायच्या आधी सैल करून घ्यायचा. म्हणजे पूर्ण लोकर एकदा उलगडून परत हलक्या हाताने गुंडाळायची, नाहीतर मधेच गुंडा अडतो, धागा ताणला जातो आणि त्याच क्षणी टाका सुटतो. हे काम घरातल्या पोरांना द्या, आवडीने करतात.

जळगावला फुले मार्केटकडे चक्कर मारली तर रंग हातात घेऊन बघता येतात. लोकरीचा खरा स्टॉक दिवाळीच्या पुढेमागे येतो, एप्रिलमध्ये विचारलं तर दुकानदार तुमच्याकडे बघतच राहील, त्यामुळे उन्हाळ्यातल्या कामाची लोकर थंडीतच घेऊन ठेवा.

मशीन मांडणं

टेबल हललं नाही पाहिजे. मशीनच्या पायांना रबर असतं, काहींबरोबर क्लॅम्प येतो, तो लावाच. टेबलावरची धूळ पुसून घ्या, आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये किती धूळ येते ते माहीतच आहे, ती सुयांच्या खाचांत गेली की हँडल करकर करतं. मशीनवर एक छोटा खटका असतो, एका बाजूला नळी आणि दुसऱ्या बाजूला सपाट पट्टी. तो नळीवर ठेवा आणि सध्या विसरून जा. सपाट पट्टीत कडेचे टाके फार सुटतात, ते नंतर शिका.

फेऱ्या मोजायचं मीटर शून्यावर आणा. मीटर नसेल किंवा बिघडलं असेल तर कागदावर रेघा मारा, मनात मोजू नका, मधेच कोणीतरी दार वाजवतंच.

पहिली फेरी, म्हणजे खरी परीक्षा

सगळ्या सुयांमध्ये एक सुई वेगळ्या रंगाची असते. ती पहिली सुई. नसली तर मार्करने खूण करा. आता इथे सावकाश वाचा.

पहिली फेरी टाकाऊ लोकरीने करायची, तिला सगळे वेस्ट यार्नच म्हणतात. वेगळ्या रंगाची घ्या म्हणजे शेवटी काढताना कळेल. हँडल हळू फिरवून पहिली सुई धागा घ्यायच्या जागी आणा, ती वर उचललेली दिसेल. धाग्याचं एक वीतभर टोक मशीनच्या मधल्या भोकात सोडा. धागा पहिल्या सुईच्या आकड्यात अडकवा. हँडल थोडंसं फिरवा, दुसरी सुई वर येईल, आता धागा तिच्या मागून, म्हणजे आतल्या बाजूने न्या, अडकवू नका. तिसरीच्या आकड्यात. चौथीच्या मागून. असं एक आड एक, पूर्ण गोल. सुया सम संख्येत असल्यामुळे शेवटची सुई मागूनच येते आणि परत पहिल्या सुईपाशी आलात की हिशोब जुळतो. जुळला नाही तर मधे कुठेतरी दोन सुया लागोपाठ अडकल्यात, काढा आणि परत करा, पुढे ढकलू नका, ती चूक पुढे जाऊन वाढतेच.

पहिल्या सुईशी आल्यावर धागा फीडरमध्ये, म्हणजे धागा सोडणाऱ्या त्या खाचेच्या तुकड्यात, घाला. आता दुसरी फेरी. आता प्रत्येक सुईने धागा घ्यायला हवा. फिरवताना नजर नळीकडे नको, फीडरसमोरच्या त्या एका सुईकडे ठेवा: ती वर येते, धागा तिच्या आकड्यात पडतो, ती खाली जाते आणि जाताना जुना टाका तिच्यावरून निघून नव्या धाग्याभोवती पडतो. सुई खाली गेली पण धागा आकड्याबाहेरच राहिला असं दिसलं की लगेच थांबा आणि क्रोशाने धागा आकड्यात घाला. एकदा हे डोळ्याला दिसायला लागलं ना, की अर्धं मशीन आलं तुम्हाला.

डाव्या हाताची दोन बोटं धाग्याला लावून ठेवायची, धागा बोटांतून सरकत गेला पाहिजे, ओढला नाही पाहिजे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत टाके वर चढून येतात, तेव्हा मधल्या भोकातून ते सोडलेलं टोक हलकंसं खाली धरा. पाच-सहा फेऱ्या वेस्ट यार्नच्या झाल्या की पहिल्या सुईपाशी थांबा, तो धागा कापा, टोक मधे टाका, खऱ्या लोकरीचं चांगलं हातभर टोक मधे सोडून ती फीडरमध्ये घाला आणि सुरू. रंग बदलायचा असेल तेव्हाही हेच करायचं, नेहमी पहिल्याच सुईपाशी.

आणि घाई नको. ड्रिल मशीन लावून गरागरा फिरवणारे व्हिडिओ आहेत, ते ज्यांचे हात बसलेत त्यांच्यासाठी. नवीन माणसाला सुटलेला टाका पंधरा फेऱ्या झाल्यावर दिसतो.

टाका सुटला तर

नळीत उभी शिडी दिसायला लागते. घाबरायचं काही नाही. खालचा मोकळा फास क्रोशात घ्या, त्याच्या वरची आडवी दोरी आकड्यात धरून फासातून ओढा, मग त्याच्या वरची, असं करत वरपर्यंत या आणि शेवटचा फास सुईवर चढवा. हँडल अडलं तर जोर लावू नका. एक-दोन सुया मागे फिरवा, बहुतेक वेळा धागा दोन सुयांमध्ये अडकलेला असतो. पण पूर्ण फेरीच्या फेरी उलटी फिरवायला जाऊ नका, टाके धडाधड पडतात.

नळी काढणं

काम संपलं की खरी लोकर नळीच्या घेराच्या तिप्पट लांब ठेवून कापा, परत पाच-सहा फेऱ्या वेस्ट यार्नच्या करा, मग वेस्ट यार्नही कापून फीडर रिकामा ठेवून हँडल फिरवत रहा. एकेक सुई आपला टाका सोडते आणि अख्खी नळी हातात येते. आता बोथट सुईत खऱ्या लोकरीचं टोक ओवून तिच्या शेवटच्या फेरीतला प्रत्येक फास उचला, एकही सोडायचा नाही, 22 असतील तर 22 मोजा. सगळे उचलले की मगच वेस्ट यार्न उसवा. दोरा ओढला की तोंड बटव्यासारखं आवळतं. दोन गाठी मारून टोक आत ओवून टाका.

सुरुवातीच्या बाजूलाही तेच, त्यासाठीच ते हातभर टोक ठेवलं होतं.

पहिली वस्तू: भरताचं वांगं

सगळीकडे भोपळे आणि ससे चालतात, आपण जळगावचे लोक, आपल्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं वांगं आहे, ते का सोडायचं? पण ते जांभळं करू नका! भरताचं वांगं फिकट हिरवं, पांढरट झाक असलेलं असतं, जांभळं केलं तर इकडची कुठलीही जिजी, म्हणजे म्हातारी बाई, उचलून म्हणेल, हाई काय शे व माय? (हे काय आहे गं बाई?)

22 सुयांचं मशीन, फिकट पोपटी लोकर, वेस्ट यार्ननंतर 35 ते 40 फेऱ्या. नळी निघाली की खालचं तोंड घट्ट आवळून बंद करा. मशीनची नळी वरपासून खालपर्यंत सारखीच, मग वांग्याचा आकार कुठून येणार? तो भरण्यातून येतो. खालच्या भागात फायबर थोडं थोडं तोडून, सैल करून भरा, मोठा गोळा एकदम कोंबलात तर बाहेरून टेंगळं दिसतात. खालचा अर्धा भाग टम्म, वरचा हलका. मग वरच्या तोंडापासून साधारण आठ फेऱ्या खाली बोथट सुईने एक आड एक टाक्यातून त्याच रंगाचा धागा गोल ओवा आणि थोडासाच ओढा. खांदा तयार. आता वरचं तोंड आवळा. एक सूचना, टाके ताणून आतलं पांढरं दिसायला लागलं की भरणं थांबवा.

देठ आणि त्याची टोपी गर्द हिरव्या लोकरीने क्रोशाने करा, क्रोशा येत नसेल तर हिरव्या फेल्टचा पाच टोकांचा तारा कापून शिवा. कोणी म्हणेल डोळे लावा, हसरं तोंड काढा. मला विचाराल तर नका लावू, वांगं वांग्यासारखंच छान दिसतं.

याच हिशोबाने केळंही होतं, पिवळ्या 40 फेऱ्या आणि दोन्ही टोकांना तपकिरी तीन-चार. भरल्यावर एका बाजूने आतून लांब टाक्याचा दोरा वरपासून खालपर्यंत नेऊन ओढला की बाक येतो. मुंबई-पुण्याला राहणाऱ्या आपल्या लोकांना केळं आणि वांगं अशी जोडी दिली की त्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

बाळंतविडा

इथे मात्र गंमत बाजूला ठेवायची. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंटीमीटर, त्यासाठी 40 सुयांचं मशीन बरं पडतं. मऊ बेबी वूल घ्या, गालाला घासून बघा, टोचली तर परत ठेवा. टोपी किती फेऱ्यांची हे लोकरीवर ठरतं, म्हणून आधी 20 फेऱ्यांचा नमुना विणा, काढा, मोजा. समजा 20 फेऱ्या 9 सेंटीमीटर भरल्या आणि काठ दुमडून टोपीची लांबी 18 हवी, काठाचे 4 धरून 22 सेंटीमीटर, म्हणजे 49-50 फेऱ्या. हा हिशोब वहीत लिहून ठेवा, लोकरीचं लेबल तिथेच चिकटवा, पुढच्या वेळी नमुना करायची गरज नाही.

वरचं तोंड आवळून बंद. खालचं तोंड आवळायचं नाही, तिथे फास एकमेकांत क्रोशाने साखळी घालत बंद करायचे आणि सैल घालायचे, घट्ट घातलेत तर टोपी डोक्यातून जाणारच नाही.

मोजे 22 वर, बारीक बेबी वूलचे, टाच नसलेले. बाळाला टाचेची काय गरज, चालायचं थोडीच आहे. तीस-पस्तीस फेऱ्या, एक तोंड आवळलेलं, दुसरं दुमडलेलं, ढगळ वाटले तर घोट्याशी आखूड साखळी ओवा. आता महत्त्वाचं: मोज्याच्या आत एकही लोंबता धागा नको. बाळाच्या पायाच्या बोटाला धागा गुंडाळला गेला तर रक्त अडतं, बाळ रडत राहतं आणि कोणाला कळत नाही. मोजा उलटा करून बघा, टोकं ओवून, कापून, परत बघा. मणी, बटणं, डोळे, सहज निघेल असा गोंडा, यातलं काहीच बाळाच्या वस्तूला नाही. आणि बाळंतपण वैशाखात असेल तर ॲक्रेलिकची टोपी देऊच नका, भुसावळच्या 45 डिग्रीत ती कोणी घालणार? त्या वेळी सुती धाग्याची वस्तू द्या. सुती धागा ताणत नाही, हँडल अजून हळू फिरवावं लागतं.

थंडीची टोपी

46 किंवा 48 सुया. 110 फेऱ्या, मध्यम लोकर, 80 ते 100 ग्रॅम जाईल. दोन्ही तोंडं आवळायची, मग एक टोक आत ढकलत ढकलत दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं, दुहेरी टोपी तयार, दोन्ही टोकं आतून एका टाक्याने जोडा आणि काठ कानावर येईल असा दुमडा. बाहेरच्या अर्ध्या भागाला एक रंग आणि आतल्याला दुसरा केला तर उलटसुलट घालता येते.

धुळे-नंदुरबारकडची डिसेंबरची थंडी ज्यांनी रात्री शेतात काढलीय त्यांना ही टोपी द्यावी. रात्रीची लाईट आली की मोटर चालू करून गव्हाला पाणी द्यायला जाणाऱ्या भाऊंना मी टोपीबरोबर मनगट्याही देते. 22 सुयांवर 40 फेऱ्यांच्या दोन नळ्या, दोन्ही तोंडं सैल साखळीने बंद, बाजूला अंगठ्यापुरती फट हवी असेल तर तोंडापासून दोन बोटं अंतरावर एक टाका कापून चार-पाच टाके उसवायचे, मोकळे फास लगेच सुईवर घ्यायचे आणि कडेने साखळी घालायची. हात झाकला जातो, बोटं स्टार्टरचं बटण दाबायला मोकळी. रंग गर्द द्या, चिखलाचं काम आहे.

द्यायच्या आधी

प्रत्येक वस्तू एकदा कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट सुकवा. धुतल्यावर टाके एकसारखे बसतात आणि कुठली गाठ कच्ची राहिली असेल तर ती तुमच्याच घरी सुटते. ॲक्रेलिकवर गरम इस्त्री फिरवली की ते चपटं आणि चकचकीत होऊन बसतं, परत मूळ रूपावर येत नाही, त्यामुळे इस्त्री नाहीच.

विकायला करत असाल तर किंमत लावताना तयार वस्तू काट्यावर ठेवा, वजनावरून लोकरीचा खर्च निघेल, आणि मजुरी विणण्याच्या वेळेवर न लावता शिवणं, भरणं, टोकं ओवणं धरून लावा. कारण वांग्याची नळी विणायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट देठ लावायला जातो. ऑर्डर आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची असेल तर लेकी माहेरी यायच्या पंधरा दिवस आधीच सगळं धुऊन ठेवा, आणि सोबत एका चिठ्ठीवर लिहा: थंड किंवा कोमट पाणी, हाताने धुणे, इस्त्री नको.